एका प्रोफाइलवरील ३१ नोंदी : कोल्हापुरातील चेताविज्ञान संशोधिकेच्या सायटेशनची पडताळणी

प्रकरण

कोल्हापुरातील एका अनुदानित महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या सहयोगी प्राध्यापिकेचा ‘कॅस’ या पदोन्नती योजनेअंतर्गत प्राध्यापकपदाचा प्रस्ताव अंतर्गत छाननीतून परत आला, तेव्हा फाइलवर पुढील आशयाचा शेरा होता : अर्जात १९ शोधनिबंध व एच-इंडेक्स ९ नमूद केला आहे, गुगल स्कॉलर प्रोफाइलवर मात्र ३१ नोंदी व एच-इंडेक्स १४ दिसतो. प्रोफाइलवरील काही शोधनिबंध अर्जदाराच्या विषयाचे नाहीत. याबाबत लेखी खुलासा सादर करावा. (सायटेशन म्हणजे एका शोधनिबंधाचा दुसऱ्या लेखात झालेला उल्लेख. एच-इंडेक्स हा अशा उल्लेखांवरून काढलेला संशोधकाचा निर्देशांक, आणि गुगल स्कॉलर ही शोधनिबंध व त्यांचे उल्लेख शोधून देणारी सेवा.)

शेऱ्याची भाषा संयत होती, परंतु तो स्टाफरूममध्ये पोहोचेपर्यंत ‘मॅडमनी दुसऱ्यांचे पेपर आपल्या नावावर लावले’ असे त्याचे रूपांतर झाले होते. जवळजवळ दोन दशके प्रामाणिकपणे प्रयोगशाळा चालवलेल्या व्यक्तीवर असा डाग येणे ही साधी गोष्ट नाही. वास्तविक, फसवणूक करायची असती तर मोठा आकडा अर्जात आला असता. येथे अर्जातला आकडा लहान आणि प्रोफाइलवरचा मोठा होता. ही विसंगती शेरा लिहिणाऱ्यांच्याही लक्षात यायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे. प्राचार्यांनी खुलासा मागवण्याआधी नोंदींची पडताळणी करून घेण्याचे ठरवले आणि ते काम ग्रंथपाल या नात्याने माझ्याकडे आले. पुढील टिपण संशोधिकेच्या संमतीने लिहिले आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील व आकडे बदलले आहेत. आकड्यांचे आपसांतले नाते मात्र जसेच्या तसे ठेवले आहे.

कामाचे स्वरूप

सायटेशन मोजण्याआधी काम काय आहे हे समजून घेणे आवश्यक होते, म्हणून मी प्रथम त्यांच्या प्रयोगशाळेत गेलो. कोल्हापूर जिल्हा उसाचा आहे. हुमणी, वाळवी, खोडकीड यांच्या बंदोबस्तासाठी शेतात क्लोरपायरीफॉससारखी ऑर्गनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशके वापरली गेली आहेत आणि पावसाबरोबर शेतातील पाणी ओढ्यांवाटे नदीला मिळते. या वर्गातील रसायने चेतासंस्थेतील ॲसिटिलकोलिनेस्टरेज या विकराला (एन्झाइमला) निष्क्रिय करतात. दोन चेतापेशींच्या जोडणीत, तसेच चेता आणि स्नायू यांच्या जोडणीत निरोप पोहोचवणारे ॲसिटिलकोलिन काम झाल्यावर ताबडतोब मोडून टाकणे हे या विकराचे काम. तेच थांबले की निरोप संपतच नाही, स्नायू आधी थरथरतात आणि मग लुळे पडतात. प्रौढ प्राण्यांतील हा परिणाम जगाला बऱ्याच काळापासून ठाऊक आहे. वाढीच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यात, अत्यल्प मात्रेने, चेतासंस्थेच्या जडणघडणीवर काय होते, हा या संशोधिकेचा प्रश्न आहे, आणि त्यासाठी त्या झेब्राफिश या लहान माशाची अंडी वापरतात. ही अंडी पारदर्शक असतात, साधारण दोन ते तीन दिवसांत त्यांतून पिल्ले बाहेर पडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पिल्लाचे हृदय धडधडताना दिसते.

विकर मोजण्याची त्यांची पद्धत एलमन यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेली आहे. ऊतीच्या अर्कात ॲसिटिलथायोकोलिन आणि डीटीएनबी हे अभिकर्मक मिसळले की विकर जितके सक्रिय तितका पिवळा रंग लवकर चढतो आणि तो ४१२ नॅनोमीटरवर मोजता येतो. मी पाहिलेल्या प्लेटमध्ये डावीकडचे खळगे हळदीच्या पाण्यासारखे पिवळे झाले होते आणि उजवीकडे, जिथे कीटकनाशकाची मात्रा वाढत गेली होती, तिथे रंग फिका होत होत जवळजवळ नाहीसा झाला होता.

दुसरे मापन त्यांचे स्वतःचे आहे. पिल्लाच्या शेपटीला बारीक केसाने स्पर्श केला की ते धनुष्यासारखे वाकून झटक्यात दूर जाते. ही हालचाल काही मिलिसेकंदांत होते आणि ती टिपण्यासाठी परदेशांतील प्रयोगशाळा महागडे अतिवेगवान कॅमेरे वापरतात. आमच्या महाविद्यालयाला ते परवडणारे नव्हते. त्यांनी सेकंदाला २४० चित्रे घेणारा साधा मोबाइल सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर पक्का बसवला, म्हणजे एका चित्राला सुमारे चार मिलिसेकंद पडले, आणि ‘इमेजजे’ या मोफत सॉफ्टवेअरवर प्रत्येक चित्रातील वाकण्याचा कोन मोजण्याची रीत बसवली. झटका किती तीव्र आणि किती उशिरा येतो, हे त्यातून कळते. या रीतीवरचा शोधनिबंध २०१९ साली प्रसिद्ध झाला. पुढील सर्व हिशेबात तोच महत्त्वाचा ठरला.

३१ नोंदी आल्या कोठून

गुगल स्कॉलर २००४ साली सुरू झाले. त्यावरील व्यक्तिगत प्रोफाइल लेखकाने उघडायचे असते, पण नवीन नोंदी आपोआप जोडल्या जाव्यात की आधी ईमेलने विचारले जावे, हे एका सेटिंगवर ठरते. या प्रोफाइलवर आपोआप जोडण्याचा पर्याय निवडलेला होता. संशोधिकेचे आडनाव पाटीलसारखेच, जिल्ह्यात गावोगाव आढळणारे आहे. आडनाव, दोन आद्याक्षरे आणि ‘कोल्हापूर’ एवढे जुळले की यंत्राच्या लेखी माणूस एकच. शिवाजी विद्यापीठात पातळ थरांच्या, म्हणजे थिन फिल्मच्या संशोधनाची भक्कम परंपरा आहे. सुपरकपॅसिटर, गॅस सेन्सर अशा विषयांवरील तेथील शोधनिबंधांना जगभरातून भरपूर सायटेशन मिळतात. त्याच आद्याक्षरांच्या एका पदार्थवैज्ञानिकाचे १४ शोधनिबंध मॅडमच्या प्रोफाइलवर येऊन बसले होते आणि प्रोफाइलवरील एकूण ९४० सायटेशनपैकी ५८८ त्या चौदांचीच होती. मेंदूच्या वाढीवर काम करणाऱ्या व्यक्तीच्या यादीत मँगनीज ऑक्साइडचे थर दिसल्यावर छाननी करणाऱ्याला शंका यावी, हे योग्यच होते. शंका घेण्यात चूक नव्हती. हेतूबद्दल निष्कर्ष काढण्याची घाई चुकीची होती.

उलट बाजूने चार शोधनिबंध यादीत नव्हतेच. ते पीएच.डी.च्या काळातील, लग्नापूर्वीच्या नावाने छापलेले. आपल्याकडे नाव लिहिण्याची रीत स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि मग आडनाव अशी असल्यामुळे लग्नानंतर नाव बदलणाऱ्या स्त्रीचे आडनावच नव्हे, तर मधले आद्याक्षरही बदलते. पाश्चात्त्य पद्धतीच्या डेटाबेसला पहिल्या एका अक्षराखेरीज दोन्ही नावांत काहीही समान दिसत नाही. लग्नानंतर नाव बदलून विज्ञानात टिकून राहिलेल्या किती स्त्रियांच्या कामाचे असे दोन तुकडे पडले असतील, याचा विचार ही यादी तपासताना सतत मनात येत होता.

प्रत्येक नोंदीसाठी मी शोधनिबंधाचे पहिले पान उघडले आणि लेखकाचा पत्ता, ईमेल व सहलेखक पाहिले. जुन्या चार शोधनिबंधांसाठी शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातील पीएच.डी. प्रबंध आणि राजपत्रात प्रसिद्ध झालेल्या नावबदलाची प्रत हे दोन पुरावे जोडले. दोन नोंदी यादीत आधीच असलेल्या शोधनिबंधांच्या दुबार नोंदी निघाल्या. याप्रमाणे ३१ मधून १४ परक्या आणि दोन दुबार वजा होऊन १५ उरल्या, त्यांत चार मिळवल्यावर १९ झाल्या, म्हणजे अर्जात लिहिल्या होत्या तेवढ्याच. परक्या शोधनिबंधांची ५८८ सायटेशन वजा जाऊन ३५२ राहिली, जुन्या चारांची ६४ मिळून एकूण ४१६ झाली. एच-इंडेक्स ९ आला. अर्ज अक्षरशः बरोबर होता.

२०१२ पासून ऑर्किड ही १६ अंकी ओळख संशोधकांना विनामूल्य मिळते आणि दोन्ही नावे तिच्याखाली एकत्र ठेवता येतात. मॅडमकडे तो क्रमांक होता, पण त्याखाली एकही नोंद भरलेली नव्हती. आता एकोणीसही भरल्या आहेत.

स्कोपसवरचा आकडा वेगळाच होता : १३ शोधनिबंध, २५१ सायटेशन, एच-इंडेक्स ७. यात कोणी खोटे नाही. स्कोपस हा निवडक स्रोतच घेणारा डेटाबेस आहे, तर गुगल स्कॉलर प्रबंध, परिषदांतील निबंध आणि प्रीप्रिंट (छापण्यापूर्वी खुले केलेले मसुदे) यांतील उल्लेखही मोजते. कोणताही एच-इंडेक्स कोठून आणि कोणत्या तारखेला घेतला हे लिहिल्याशिवाय फाइलवर घेऊ नये, अशी सूचना मी अहवालात केली.

१८७ आणि ५८

खुलाशापुरते काम येथे संपले होते. परंतु छाननी समितीतील एका सदस्यांनी पुढचा प्रश्न विचारला, आणि तो मोलाचा होता : ४१६ पैकी १८७ सायटेशन एकाच शोधनिबंधाची आहेत, तो वगळला तर उरते काय?

तो शोधनिबंध आढावा स्वरूपाचा आहे. परदेशातील पोस्ट-डॉक्टरल काळात सात लेखकांनी मिळून लिहिलेला, त्यात मॅडमचे नाव चौथे. आढावा लेखांना सायटेशन जास्त मिळतात, कारण प्रस्तावना लिहिणाऱ्याला वीस मूळ शोधनिबंध नमूद करण्यापेक्षा एक आढावा नमूद करणे सोयीचे जाते. तो वगळल्यावर एकूण सायटेशन २२९ वर येतात, म्हणजे जवळजवळ निम्मी होतात. एच-इंडेक्स मात्र ९ चा ९ च राहतो. हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली मांडलेला हा निर्देशांक म्हणजे, किमान तितकी सायटेशन मिळालेले तितके शोधनिबंध. मॅडमच्या यादीत उतरत्या क्रमाने १८७, ५८, ३१, २४, २१, १९, १६, १४, १२, ९, ७ असे आकडे येतात. नवव्या क्रमांकाला १२ आहेत, दहाव्याला ९. म्हणून निर्देशांक ९. सर्वांत वरचा काढला की नवव्या जागी ९ येतात आणि निर्देशांक हलत नाही. एच-इंडेक्सला शिखराची उंची दिसत नाही. हाच त्याचा गुण आणि हीच त्याची मर्यादा आहे : एका प्रसिद्ध सहलेखनावर तो फुगत नाही, पण एका खरोखर मोठ्या कामाची दखलही तो घेत नाही. लेखक पहिला आहे की चौथा, हेही तो विचारत नाही.

मग ५८ सायटेशन मिळालेला मोबाइल कॅमेऱ्याचा शोधनिबंध. हा मला मोजण्यापेक्षा वाचावासा वाटला. ५८ पैकी सहा उल्लेख मॅडमच्या किंवा त्यांच्या विद्यार्थ्यांच्याच लेखांतले होते आणि पाच लेख उघडता आले नाहीत. उरलेले ४७ मी एकेक करून पाहिले आणि उल्लेख लेखाच्या कोणत्या भागात आहे हे टिपले. सतरा ठिकाणी तो प्रस्तावनेत, कंसात [१४–२१] अशा आकड्यांच्या पट्ट्यात, इतर सात जणांबरोबर आला होता. असा उल्लेख काढून टाकला तरी त्या लेखात काही फरक पडला नसता. सात ठिकाणी तो चर्चेच्या भागात होता, जिथे लेखकांनी आपले निष्कर्ष मॅडमच्या निष्कर्षांशी ताडून पाहिले होते. आणि २३ ठिकाणी तो पद्धती या विभागात होता. ब्राझील, चीन आणि पोलंडमधील प्रयोगशाळांनी तीच रीत वापरली होती. एका लेखात मोबाइल भिंगापासून किती अंतरावर बसवला तेवढेच बदलल्याचे नमूद होते. ज्यांच्याकडे महागडा कॅमेरा नाही अशा लोकांनी राजारामपुरीच्या बाजारात मिळणाऱ्या सामानातून उभी केलेली रीत उचलली आणि तिच्यावर आपले प्रयोग उभे केले. माझ्या दृष्टीने या संपूर्ण फाइलमधील सर्वांत भक्कम पुरावा हा २३ चा आकडा आहे, आणि तो कोणत्याही डेटाबेसमध्ये तयार मिळत नाही.

पद्धतीवरील लेखाला कमी लेखण्याची प्रवृत्ती समितीत दिसली. ‘यात नवा शोध काय?’ असे विचारले गेले. त्याला उत्तर म्हणून मी अहवालात ऑलिव्हर लाउरी यांचे उदाहरण दिले. प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची पद्धत सांगणारा त्यांचा १९५१ चा शोधनिबंध हा आजवरचा सर्वाधिक सायटेशन मिळालेला शोधनिबंध मानला जातो. ‘नेचर’ने २०१४ साली सर्वाधिक सायटेशनच्या शंभर शोधनिबंधांची यादी केली तेव्हा त्याची संख्या तीन लाखांच्या वर होती, आणि त्या यादीत पद्धती व सॉफ्टवेअर यांवरील लेखांचेच प्राबल्य होते. लाउरी स्वतः मेंदूच्या रसायनशास्त्राचे संशोधक होते. मॅडमच्या टेबलावरची पिवळी प्लेटही एलमन यांच्या पद्धतीवरील शोधनिबंधावरच उभी आहे. चेताविज्ञानात हत्यार घडवणाऱ्याचे योगदान दुय्यम मानण्याचे कारण नाही.

त्याच बैठकीत याच्या विरुद्ध टोकाचे मतही मांडले गेले : सायटेशन जास्त म्हणजे काम चांगले, बाकी चर्चा कशाला. याला चेताविज्ञानातच सणसणीत उत्तर आहे. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी २००६ साली ‘नेचर’मध्ये अल्झायमरशी निगडित एका विशिष्ट अमायलॉइड प्रथिनसमूहाविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याला सुमारे २,५०० सायटेशन मिळाली. त्यातील चित्रांत फेरफार झाल्याचा संशय ‘सायन्स’ने २०२२ साली सविस्तर मांडला आणि जून २०२४ मध्ये तो शोधनिबंध मागे घेण्यात आला. शोधनिबंध मागे घेतला म्हणून त्याची सायटेशन वजा होत नाहीत. ती लेखकांच्या एच-इंडेक्समध्ये तशीच राहतात. उल्लेख झाला एवढेच सायटेशन सांगते. तो आधार म्हणून झाला, वापर म्हणून झाला की खोडून काढण्यासाठी झाला, हे लेख उघडल्याशिवाय समजत नाही.

नाव शेवटी का

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जुलै २०१८ च्या नियमावलीप्रमाणे या पदोन्नतीसाठी किमान दहा शोधनिबंध आणि ११० संशोधन गुण लागतात. गुणांच्या तक्त्यात शोधनिबंधाला नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरनुसार (त्यातील लेखांना मिळणाऱ्या सायटेशनच्या सरासरीनुसार) वाढीव गुण आहेत : एकपेक्षा कमी असल्यास १०, एक ते दोन असल्यास १५, दोन ते पाच असल्यास २०, पाच ते दहा असल्यास २५ आणि त्यापुढे ३०. दोनपेक्षा अधिक लेखक असतील तर प्रथम, प्रमुख किंवा संवादी (पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या) लेखकाला ७० टक्के आणि इतर प्रत्येकाला ३० टक्के गुण मिळतात.

कार्यालयाने केलेल्या हिशेबात मोबाइल कॅमेऱ्याच्या शोधनिबंधाला ३० टक्के लावले होते, कारण चार लेखकांत मॅडमचे नाव शेवटी होते. समितीतील गणिताचे ज्येष्ठ प्राध्यापक यावर म्हणाले, ‘‘आमच्याकडे नावं वर्णानुक्रमानं लावतात, त्यामुळं क्रमाला अर्थच नसतो. तुमच्यात शेवटचं नाव म्हणजे काय समजायचं?’’ मॅडमनी शांतपणे सांगितले, ‘‘सर, प्रयोग विद्यार्थिनीनं केले म्हणून ती पहिली. कल्पना, निधी आणि जबाबदारी माझी म्हणून मी शेवटी. पत्रव्यवहाराचा ईमेल माझा आहे, बघा.’’ जीवविज्ञानाच्या प्रयोगशाळांत हाच संकेत आहे. पहिल्या पानावर संवादी लेखकाची खूण स्पष्ट होती. या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर दोन ते पाचच्या दरम्यान असल्याने वाढीव २० गुणांच्या ७० टक्के, म्हणजे १४ गुण व्हायला हवे होते. कार्यालयाने सहा धरले होते.

येथे एक गोष्ट मला विशेष वाटली. सात लेखकांचा आढावा पाच ते दहा या टप्प्यातील नियतकालिकात आहे. २५ च्या ३० टक्के, म्हणजे साडेसात गुण. सायटेशन पाहिली तर आढावा तिपटीहून मोठा, आणि नियमाचे गुण नीट लावले तर मोबाइल कॅमेऱ्याचा शोधनिबंध जवळजवळ दुप्पट मोठा. आयोगाच्या तक्त्यावर टीका पुष्कळ होते आणि ती बव्हंशी रास्त आहे, परंतु कामाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तो निदान विचारतो. एच-इंडेक्स तेवढेही करत नाही.

इम्पॅक्ट फॅक्टरचा भाग अधिक अडचणीचा होता. नियतकालिकातील आधीच्या दोन वर्षांच्या लेखांना एका वर्षात मिळालेली सायटेशन भागिले त्या लेखांची संख्या, अशी ही सरासरी माहितीशास्त्रज्ञ युजीन गारफील्ड यांच्या कल्पनेतून आली. ती नियतकालिकाची असते. त्यातील एकेका लेखाची नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये डिसेंबर २०१२ मध्ये तयार झालेल्या, संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या ‘डोरा’ जाहीरनाम्याने व्यक्तीच्या मूल्यमापनासाठी ती वापरू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. नियमावलीत मात्र ती आहे, आणि तीही ‘थॉमसन रॉयटर्सच्या यादीप्रमाणे’, जी यादी २०१६ पासून क्लॅरिव्हेट या कंपनीकडे आहे. त्यातच २०२३ च्या यादीपासून पूर्वी इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या अनेक नियतकालिकांनाही तो मिळू लागला. मॅडमचे दोन शोधनिबंध अशा नियतकालिकांत आहेत. प्रसिद्धीच्या वर्षी आकडा नव्हता, आज आहे. मी प्रसिद्धीचे वर्षच प्रमाण धरण्याची शिफारस केली, त्यामुळे मॅडमचे काही गुण कमी झाले. त्यांनी त्याला हरकत घेतली नाही.

शून्य सायटेशनचे दोन शोधनिबंध राहिले. त्यांपैकी एक ज्या नियतकालिकात आहे, ते आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या मान्य नियतकालिकांच्या यादीतून वगळलेल्या ४,३०५ नियतकालिकांत होते. लेख त्याआधी छापलेला असल्याने तो गुणांच्या हिशेबात ठेवता आला असता, पण मॅडमनी स्वतःच त्याचे गुण मागितले नाहीत. हा निर्णय मला फार आवडला.

फक्त एका कसोटीचा उल्लेख करायचा राहिला. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१६ साली मांडलेले सापेक्ष सायटेशन गुणोत्तर ‘आयसाइट’ या संकेतस्थळावर पबमेडमधील लेखांसाठी विनामूल्य पाहता येते. लेखाचे क्षेत्र आणि वय विचारात घेऊन ते काढले जाते. १ म्हणजे त्या संस्थेच्या निधीतून झालेल्या मधल्या दर्जाच्या लेखाइतके. आढावा १.९ वर आणि मोबाइल कॅमेऱ्याचा शोधनिबंध १.४ वर आला. १८७ आणि ५८ यांतील तिपटीचे अंतर दीडपटीच्या आत आले. कोल्हापूरच्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेतून निघालेला लेख या पट्टीवर एकच्या पुढे आहे, ही गोष्ट समितीने ठळकपणे नोंदवावी असा आग्रह मी धरला आणि तो मान्य झाला.

निर्णय

अहवालाचा मसुदा समितीकडे देण्यापूर्वी संशोधिकेला दाखवावा, असे मी प्राचार्यांना सुचवले. ज्याचे मूल्यमापन होत आहे त्याला आकडे तपासू द्यावेत, हे संशोधनाच्या मोजमापाविषयीच्या २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यातील दहा तत्त्वांपैकी एक आहे. प्राचार्यांनी ते मान्य केले. त्या वाचनात मॅडमनी आणखी एक उल्लेख स्वतःच्या विद्यार्थ्याचा असल्याचे दाखवून दिले. वर दिलेला सहाचा आकडा त्यानंतरचा आहे.

पूर्वीचा शेरा रद्द करून ‘अर्जातील माहिती पडताळणीअंती बरोबर आढळली’ अशी नोंद फाइलवर करण्यात आली. दुरुस्त हिशेबाने गुण ११० च्या वर गेले आणि प्रस्ताव निवड समितीपुढे गेला. स्टाफरूममधील कुजबुजीबद्दल कोणीही लेखी काही नोंदवले नाही. ती नोंद व्हायला हवी होती.

निवड समितीवर आलेल्या बाहेरच्या विषयतज्ज्ञांनी एच-इंडेक्सविषयी एकही प्रश्न विचारला नाही. चर्चेच्या भागात उल्लेख करणाऱ्या सात लेखांपैकी दोन मॅडमच्या निष्कर्षांशी असहमत आहेत, हे त्यांनी माझ्या तक्त्यात वाचले होते आणि त्यांचा सगळा वेळ त्यावरच गेला. त्या दोन्ही लेखांत अत्यल्प मात्रेला स्पर्शाचा प्रतिसाद मंदावलेला आढळला नव्हता. मॅडमचे म्हणणे असे की, त्या प्रयोगशाळांनी अंडी २६ अंश सेल्सिअसला ठेवली होती, तर झेब्राफिशच्या वाढीचे प्रमाणित टप्पे २८.५ अंशांवर आखलेले आहेत. थंड पाण्यात वाढ संथ होते, म्हणून ‘७२ तासांचे पिल्लू’ दोन्हीकडे सारख्या वयाचे नसते. विषयतज्ज्ञांनी विचारले, हे तुम्ही करून पाहिले आहे का? मॅडमनी प्रांजळपणे ‘अजून नाही’ असे उत्तर दिले. समितीने पदोन्नतीची शिफारस केली, आणि दोन तापमानांवर तोच प्रयोग शेजारी शेजारी लावण्याचे काम त्यांच्या विद्यार्थिनीने या सत्रात हाती घेतले आहे.